वजनाचं रजिस्टर

प्रिय मंजू,

रविवारी फोन मीच ठेवला, रेंज गेली नव्हती. बाबांना मात्र रेंजचंच सांगितलंय, तूही तसंच सांग.

तुझा एच-इंडेक्स ९ वर अडकलाय, मुलाखतीत आधी तोच पाहतात, हे मला कळतं बेटा. दिवाळीत अंगणात तूच समजावलं होतंस. ९ पेपर असे, की प्रत्येकाला निदान ९ सायटेशन, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांत त्याचे ९ उल्लेख, तर इंडेक्स ९. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली काढलेलं माप. नुसते पेपर वाढवून ते हलत नाही, दुसऱ्यांनी तुझं काम वापरावं लागतं. मी मोठ्या आईलाही सांगितलं, आमच्या मंजूचं काम ९ ठिकाणी नाही, कितीतरी ठिकाणी वापरतात म्हणून. पण रविवारी फोनवर तू जे बोललीस, दहा जणांचा गट आहे, एकमेकांना सायटेशन द्यायचे, एकमेकांच्या पेपरवर नावं टाकायची, दोन वर्षांत १५ होतो, ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. तू हो म्हणालीस का?

उपदेश करायचा नाही असं ठरवून बसलेय. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती.

तू आठवीत होतीस. रोवणीचे दिवस, नाल्याला पूर, अंगणवाडीच्या पोरांची वजनं घ्यायला खालच्या टोलीवर जाता आलं नाही. तिथल्या एका पोरीचं मागच्या महिन्यात ७ किलो ८०० होतं. मी घरी बसून ८ किलो लिहून टाकलं. तक्त्यावर ठिपका कसा नीट वर चढला, वरून सहीसुद्धा झाली. पुढच्या महिन्यात तिला झोळीत बसवलं, तर काटा ६ किलो ९०० वर थांबला. रडतही नव्हती पोर, झोळीचा पट्टा तेवढा दोन्ही मुठींत धरून होती. तालुक्याला नेलं, वाचली. गेल्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, अक्षता टाकून आले. तिच्या मायला मी अजून सांगितलेलं नाही.

म्हणून विचारतेय.

गडचिरोलीच्या सर्च या संस्थेचा, लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकातला तो १९९९ चा पेपर तू मला वाचून दाखवला होतास. ३९ गावांत घरोघर नवजात बाळांची काळजी, तुलनेला ४७ गावं, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी. जगभर त्याचे सायटेशन होतात म्हणालीस. तेव्हा तूच म्हणाली होतीस, "आई, हे आकडे तुझ्यासारख्या गावच्या बायांनी गोळा केलेत." ती प्रिंट माझ्या कपाटात आहे, लग्नाच्या शालूखाली. त्यातली एखादी बाई पूर आला म्हणून घरी बसून लिहीत बसली असती तर?

आणि शंभूनाथ डे? कॉलऱ्याचा जंतू विष सोडतो हे त्यांनी कोलकात्यात दाखवलं, १९५९ साली नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं, आणि कित्येक वर्षं त्यांना कोणी फारसं विचारलं नाही. तूच सांगितलंस हे. त्यांनी काही गट केला नव्हता ना?

चुकलं. झालाच उपदेश. तुला नोकरी हवी आहे, घरभाडं आहे, आणि मी इथून मोठ्या माणसांची नावं सांगून राहिले. माफ कर. तुझ्यासोबतच्यांचे आकडे वाढताना बघून तुला झोप येत नसेल, हेही मला समजतं. डाळ संपली असेल, लाखोळी पाठवते. रात्री उशिरापर्यंत बसू नको.

अशोकमामाचे सांधे धरले की आपण वात म्हणून शेक देत होतो. तू पहिल्यांदा घरी येऊन "सिकलसेल" म्हणालीस, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, तेव्हा आजी उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. तुझे नऊ पेपर त्याच आजारावर आहेत. मला तुझं इंग्रजी कळत नाही, पण प्रत्येकावरचं तुझं नाव मी बोट ठेवून वाचते. त्या नावाशेजारी काम न केलेल्यांची नावं यायची, या विचाराने दोन रात्री डोळा लागला नाही.

१५ होवो, २० होवो, मला आवडेलच. मी सगळ्या गावात सांगेन.

मंगळवारी अंगणवाडीत वजनं आहेत, दोननंतर मोकळी आहे. माझ्यावर रागावली असशील तर बाबांच्या फोनवर कर. त्या गटाला काय कळवलंस, तेवढं सांग.

तुझी,
आई