आई-बाबा, संक्रांत झाली की इकडे या

वर्कला, केरळ

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर आवाज तुटत होता, म्हणून लिहिते आहे. बाबा, आज मी लाटेवर उभी राहिले! चार-पाच सेकंदच असतील, पण उभी राहिले.

सर्फिंग शिकवणारा मुलगा इथल्याच मासेमाराचा. आधी तासभर वाळूतच सराव: पालथं पडायचं, हातांनी पाणी मागे ओढायचं, मग एका झटक्यात पायांवर यायचं. नवख्यांची फळी लांब-रुंद, वरून मऊ असते. तिची दोरी घोट्याला बांधतात, म्हणजे आपण पडलो तरी ती वाहून जात नाही. पहिल्यांदा आपटले तेव्हा नाकातोंडात खारं पाणी गेलं, वर कुठे न् खाली कुठे कळेना. तेव्हा तुमचाच आवाज कानात आला, ‘अंग सोड, पाणी वर आणतं.’ नागपूरच्या महाल भागातून पहाटे पाचला सायकलच्या दांड्यावर बसवून टँकवर न्यायचात. शेजारी म्हणायचे, पोरीला कशाला पोहणं? तुम्ही एकदाही थांबला नाहीत.

गाव निवांत आहे. लाल जांभ्याचा उंच कडा, खाली समुद्र, आणि कड्यातून गोड्या पाण्याचे झरे. आई, नाश्त्याला पुट्टू असतं, तांदळाचं पीठ आणि ओलं खोबरं नळीत वाफवलेलं, सोबत काळ्या हरभऱ्याची उसळ. तुला नक्की आवडेल. तुझी संत्रा बर्फी घरमालकिणीला दिली, तर तिने डबा केळ्याच्या वेफर्सनी भरून परत केला.

बाबा, या किनाऱ्याचं नाव पापनाशम. जनार्दनस्वामींचं देऊळ जवळच आहे. सकाळी लोक ओलेत्याने पितरांना पिंड देतात, आणि त्याच पाण्यात थोडं पलीकडे आम्ही फळ्या घेऊन. आजी गेली तेव्हा लॉकडाऊनमुळे तुम्हाला कुठेच जाता आलं नाही. तुम्ही बोलत नाही, पण दर पितृपक्षात मला ते दिसतं. इथे तिच्यासाठी पाणी सोडाल?

नागपुरातल्या थंडीत तुमचे गुडघे धरतात. इथे जानेवारीत स्वेटर लागत नाही आणि समुद्रही पावसाळ्यासारखा खवळलेला नसतो. देवळाकडून रिक्षा थेट किनाऱ्यापर्यंत जाते, कड्याच्या पायऱ्या उतरायला नकोत. केरळ एक्सप्रेस नागपूरहून सरळ वर्कल्याला येते, मध्ये गाडी बदलायची नाही.

संक्रांतीनंतरची तिकिटं बघते, दोघांनाही खालचा बर्थ. आई, आजीचा तो लहान तांब्या बॅगेत ठेव.

तुमची,
बेबी