उन्हाळ्यातली झोप संध्याकाळीच बिघडते

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

संध्याकाळच्या चांगल्या सवयींवर पुरवण्यांमधून बरंच छापून येतं: सुगंधी मेणबत्ती, रोजनिशी, ध्यान, हळदीचं दूध. त्यात वाईट काही नाही. पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि रात्री अकरालाही खोलीचं छत उष्ण झळ मारतं. तिथे मेणबत्ती कोण लावणार? आपल्याकडे दिवस मावळल्यानंतरच्या तीन-चार तासांत काय केलं यावर रात्र ठरते, आणि त्यात पहिलं काम घराची तलखी काढण्याचं.

झोप लागायची तर शरीराचं आतलं तापमान उतरायला लागावं लागतं. रात्रभरात ते साधारण एक अंशाने खाली येतं. ही उष्णता हातापायांच्या कातडीतून बाहेर पडते, पण भोवतालची हवाच तापलेली असेल तर ती जाणार कुठे? स्लॅबच्या घरात त्रास जास्त, कारण काँक्रीटमध्ये दुपारी शिरलेली उष्णता आतल्या बाजूला यायला काही तास घेते. ऊन उतरतं आणि छत आतून तेव्हाच सर्वांत तापलेलं असतं. अशा वेळी पंखा फुल ठेवला की तो छताखालची गरम हवाच अंगावर ढकलतो. धाब्याच्या घरात मातीचा जाड थर ही उष्णता अडवतो. ती घरं पाडताना हे फारसं कुणी ध्यानात घेतलं नाही.

उपाय साधे आहेत, पण वेळा चुकवून चालत नाही. सकाळी नऊ-दहाला खिडक्या आणि पडदे बंद करावेत. ‘हवा येऊ दे’ म्हणून दुपारी उघडलेली खिडकी घरात फक्त झळ आणते. संध्याकाळी बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. खान्देशात मेअखेर सूर्य सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे ही वेळ बहुधा साडेसात-आठनंतरच येते. टेबलफॅन असेल तर तो वारा जिकडून येतो त्याच्या समोरच्या बाजूच्या खिडकीत, तोंड बाहेर करून, अर्धा-पाऊण तास लावावा. तो आतली गरम हवा बाहेर फेकतो आणि दुसऱ्या खिडकीतून गार हवा आपोआप आत येते. बहुतेक जण तो उलटा लावतात.

गच्चीवर पाणी मारायचं तर ऊन गेल्यावर मारावं. दुपारी ओतलेलं पाणी बघता बघता उडून जातं आणि छत पुन्हा तापतं. नुसतं ओतण्यापेक्षा गोणपाट अंथरून तेवढं भिजवलं तर दोन-तीन बादल्यांत भागतं आणि ओल टिकते. जिथे नळाला पाणीच चार-आठ दिवसांनी येतं तिथे हेही परवडत नाही. तिथे मार्चमध्येच गच्चीला चुन्याचे दोन हात द्यावेत. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल मिसळला की लवकर उडत नाही. पांढरं छत ऊन परत फेकतं, आणि हा खर्च वर्षातून एकदाच.

कूलरबद्दल जरा सविस्तर, कारण तो घरोघरी असतो आणि निम्म्या घरांत चुकीचा चालतो. कूलर हवा गार करतो ती पाण्याची वाफ करून, म्हणून त्याला मागून कोरडी बाहेरची हवा हवी आणि आतली दमट हवा निघून जायला वाट हवी. तो खिडकीबाहेर बसवा आणि समोरची खिडकी किंवा दार चार-सहा बोटं उघडं ठेवा. सगळं बंद करून लावला तर तासाभरात खोली चिकचिकते, घाम सुकत नाही आणि दोष कूलरला दिला जातो. बोअरच्या जड पाण्याने गवताच्या जाळीत क्षार साचून हवा अडते, म्हणून जाळी दर हंगामाला बदलावी. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा ब्रशने घासा. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात, कोरडी राहूनही महिनोन् महिने तग धरतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. नुसतं पाणी बदलून ती जात नाहीत. पाऊस सुरू झाला की पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.

आंघोळ झोपण्याआधी तास-दीड तास, कोमट किंवा साध्या पाण्याने. बर्फाच्या पाण्याने कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच अडकते. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी मात्र सातलाही चटका देतं, म्हणून एक बादली सकाळीच भरून न्हाणीत ठेवावी.

आता जेवण. दुकान बंद करून दहाला घरी, साडेदहाला तर्रीदार शेवभाजी आणि अकराला आडवं, हा क्रम आपल्या बाजारपेठांत नेहमीचा. तिखट-तेलकट जेवण पोटात जास्त वेळ राहतं, आणि आडवं होताच आम्ल वर येतं. जेवण आणि झोप यांत दोन ते तीन तास हवेत. दुकानदाराला ते जमत नसेल तर सात वाजता दुकानातच डबा खावा: दादरची (रब्बी ज्वारीची) किंवा कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, डाळ, एखादी भाजी. घरी आल्यावर ताक. शेवभाजी दुपारी खा, कुणी अडवलेलं नाही. रात्रीची खिचडी उत्तमच, फक्त तिच्यावर कच्चं तेल धारेने न ओतता चमच्याने घ्या. मोठ्या चमचाभर तेलात सुमारे सव्वाशे कॅलरी असतात. ज्यांना रात्री छातीत जळजळतं त्यांनी डाव्या कुशीवर झोपावं आणि खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली सहा इंच उंचीच्या विटा द्याव्यात. दोन उशा घेऊन भागत नाही. त्याने कंबरेत वाक पडतो आणि पोट उलट दाबलं जातं.

जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं सावकाश चाललं की जेवणातली साखर स्नायू वापरतात आणि रक्तातली वाढ कमी राहते. मधुमेह असणाऱ्यांना हे विशेष उपयोगी. चालायला गल्ली, शाळेचं मैदान किंवा गच्ची पुरे. हायवेच्या कडेने अंधारात मुळीच नको.

चहा शेवटचा चार-साडेचारला. चहातलं निम्मं कॅफिन शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. सातला घेतलेल्या कपातलं अर्धं बाराला शिल्लकच असतं. रात्री मशेरी (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावून झोपणाऱ्या बायकांना ती झोप आणते असं वाटतं, पण निकोटिन मेंदूला जागं ठेवतं, आणि कर्करोगाचा धोका आहेच. मशेरी सोडून पेस्टने दोन मिनिटं दात घासावेत. झोपेत लाळ कमी सुटते, त्यामुळे रात्रीचं घासणं सकाळच्यापेक्षा महत्त्वाचं.

मोबाईल वाईट असं सांगून कुणी ऐकत नाही. चार्जर दुसऱ्या खोलीत लावा, एवढं केलं तरी पुष्कळ. गजराला स्वस्तातलं घड्याळ मिळतं.

रात्रपाळीला बारे धरणाऱ्या, म्हणजे रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला यातलं अर्धंही लागू नाही. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, पण जिथे अजून रात्रीचीच पाळी आहे तिथे निघण्यापूर्वी दीड तास झोप घ्यावी. शेतात बॅटरी आणि गमबूट हवेतच, कारण साप ओलीला येतो. परतल्यावर अंधाऱ्या खोलीत पुन्हा सलग झोपावं. तीन आठवड्यांहून जास्त दिवस झोप येत नसेल, किंवा घोरताना श्वास अडकत असेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये, डॉक्टरांना दाखवावं.

एक गोष्ट मात्र घरात बसून सुटणारी नाही. लग्नसराईत हळदीच्या रात्री बारा-एकपर्यंत डीजे वाजतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सवलत फक्त सरकारने ठरवलेल्या मोजक्या सणांच्या दिवसांना, तीही बारापर्यंतच. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. पोलीस ठाण्यांनी मंगल कार्यालयं आणि डीजेवाल्यांना हंगामाआधीच लेखी समज द्यावी. नागरिकांनीही दहानंतर ११२ वर फोन करून ठिकाण नेमकं सांगावं.

– एक वाचक, जि. जळगाव