नफ्याची स्लाइड काढून टाक

दांडिया बाजार, बडोदे

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझं प्रेझेंटेशन काल रात्री वाचलं. आईनं दोनदा दिवा मालवला. बाकी सगळं नीट जमलंय, पण ‘बोर्डावर स्त्रिया आल्या की नफा वाढतो’ ही स्लाइड काढून टाक.

मोठ्या, धड चाललेल्या कंपन्याच आधी बाईला बोर्डावर घेत असतील, तर तुझा आलेख उलटा वाचावा लागतो. पोस्ट आणि बायरन यांनी २०१५ मध्ये १४० अभ्यास एकत्र करून पाहिले. हिशेबातल्या नफ्याशी संबंध किंचित चांगला निघाला, शेअर बाजारातल्या कामगिरीशी जवळजवळ शून्य. नॉर्वेनं २००३ मध्ये बोर्डावर ४० टक्के स्त्रिया हव्यात असा कायदा केला, त्याच्या परिणामावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात. समोर एखादा वाचलेला माणूस बसला असला की तुझी पंचाईत.

जन्मभर कंपनीच्या बैठकांची मिनिट्स (इतिवृत्तं) लिहिणाऱ्या मला वेगळंच पटतं. अ‍ॅडम्स आणि फरेरा यांना २००९ मध्ये अमेरिकी कंपन्यांत दिसलं की स्त्री संचालकांची हजेरी चांगली असते, आणि त्या असल्या की पुरुषही बैठका कमी बुडवतात. (नफ्यावरचा सरासरी परिणाम त्यांना उणे सापडला. तोही सांग, लपवू नकोस.)

आता माझं. हे तुला कधी बोललो नाही.

मार्च २०१५. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं बोर्डावर एक तरी बाई घ्यायला दिलेली मुदत १ एप्रिलची. आमच्या लिस्टेड कंपनीचे शेठ आपल्या बायकोबद्दल म्हणाले, “भाभीचं नाव घाला.” कायद्यात बसत होतं: बाई हवी होती, स्वतंत्र, म्हणजे मालकाच्या नात्याबाहेरची, संचालक असण्याची अट नव्हती. ती पुढे आली, २०१९ मध्ये बाजारमूल्यानं पहिल्या ५०० आणि २०२० मध्ये पहिल्या १००० कंपन्यांना. आमची त्यात कुठली बसायला! फॉर्म भरताना कळलं, भाभी एम.कॉम. होत्या. त्यांच्या डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं, ज्यानं कागदांवर सही होते) मात्र माझ्याच ड्रॉवरमध्ये राहिलं.

बैठकीचे कागद सात दिवस आधी जायला हवेत. इतरांना जायचे. भाभींना मी आदल्या संध्याकाळी शेठच्याच गाडीतून पाठवायचो. कोणी तसं सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. तरी एकदा त्यांनी ज्यांच्याकडून पैसे यायचे होते त्यांच्या यादीवर बोट ठेवलं: “आ पार्टी कोण छे?” शेठ म्हणाले, घरी सांगतो. सगळे हसले, मीही हसलो. ज्या गावच्या महाराणी चिमणाबाई १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या, त्या गावातली ही बैठक! तो प्रश्न मी मिनिट्समध्ये घेतला नाही.

ती पार्टी बुडाली का, असं विचारशील. नाही बुडाली, उशिरा का होईना, पैसे आले. पण त्यांचा प्रश्न तेवढ्यानं चुकीचा ठरत नाही.

तर त्या स्लाइडच्या जागी दोन साध्या गोष्टी टाक: प्रत्येक संचालकाला कागद किती दिवस आधी पोचतात, आणि सहीचं टोकन कोणाच्या ताब्यात असतं. दुसरीवर कोणी गप्प बसलं तर मला फोन कर.

लिलो चेवडो कुरिअरनं पाठवलाय. यंदा तिखट जरा जास्त आहे.

तुझा,
बाबा