‘उलट उत्तरे देतो’ हा शेरा मारण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या वह्यांत ‘उलट उत्तरे देतो’ हा शेरा वारंवार दिसतो. तो वाचून मला दरवेळी वाईट वाटते, म्हणून हे पत्र.

नुकत्याच आलेल्या एका मुलाला बाईंनी ‘डोळ्यांत तेल घालून गणितं तपास’ असे सांगितले होते. त्याने विचारले, ‘कोणतं तेल? झोंबणार नाही ना?’ वर्ग हसला, त्याला बाहेर उभे केले. मला हे सांगतानाही तो डोळे चोळत होता. तो खरोखर घाबरला होता.

चार-पाच वर्षांच्या मुलाला ‘ढग म्हणजे कापूस’ समजते, कारण साम्य डोळ्यांना दिसते. वाक्प्रचारांचे तसे नाही. सहा-सात वर्षांपर्यंत कित्येक मुले त्यांचा शब्दशः अर्थ घेतात आणि वाक्प्रचारांची समज पुढे किशोरवयापर्यंत वाढत राहते. ‘पोटात कावळे ओरडणे’ गोष्टीतल्या संदर्भावरून उमगते. ‘कानाला खडा लावणे’ कोणी उलगडून सांगितल्याशिवाय कळणे कठीण. टोमणा तर त्याहून अवघड. ‘वा, काय सुंदर अक्षर!’ म्हणणाऱ्याच्या मनात नेमके उलटे आहे, हे मुलाला ताडावे लागते.

बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांचे जे वर्णन केले, त्यातही शब्दशः अर्थ घेण्याची नोंद आहे. तेव्हापासून ‘स्वमग्न मुलांना लाक्षणिक भाषा कळतच नाही’ असे सरसकट म्हटले जाते. ते बरोबर नाही. मुलांच्या भाषाविकारांच्या संशोधक कोर्टनी नॉर्बरी यांच्या २००५ च्या अभ्यासात रूपके अडली ती मुळात भाषाच कच्ची असलेल्या मुलांना, मग ती स्वमग्न असोत वा नसोत. शब्दांची जाण चांगली असलेल्या स्वमग्न मुलांना ती जमली. शिवाय विकासात्मक भाषा विकार, म्हणजे दुसरे उघड कारण नसताना भाषा शिकण्यात येणारी कायमची अडचण, शंभरातल्या साधारण ७ मुलांत आढळतो. ही मुले चारचौघांसारखी बोलतात, खेळतात, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाहीत. एखादे मूल वाक्प्रचारांच्या अर्थाशी वारंवार अडत असेल तर त्याची एकूण भाषा तपासून घ्यावी.

मी मुलांना वाक्प्रचार असलेली दोन-तीन ओळींची गोष्ट सांगून तीन चित्रे पुढे ठेवते. त्यातले एक मुद्दाम शब्दशः अर्थाचे असते. योग्य चित्रावर बोट ठेवणारे मूल ‘अर्थ सांग’ म्हटले की गप्प होते, हे मी अनेकदा पाहते. कळणे आणि समजावून सांगणे ही दोन वेगळी कामे आहेत. आपल्या प्रश्नपत्रिका मात्र ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ म्हणून पहिले काम न तपासताच दुसऱ्याचे गुण कापतात.

पालकांनी वाक्प्रचार टाळू नयेत. ऐकलेच नाहीत तर ते येणार कुठून? बोलावेत आणि लगेच जोड द्यावी : ‘डोळ्यांत तेल घालून बघ, म्हणजे एकही चूक सुटू देऊ नकोस.’ शिक्षकांनी परीक्षेत वाक्प्रचार छोट्या उताऱ्यात गुंफून द्यावा आणि अर्थासाठी पर्याय ठेवावेत. येत्या सत्राच्या प्रश्नपत्रिका काढताना एवढा बदल सहज करता येईल.

आपली,
एक वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ