वायर खुली करा, पण भाडे ठरवून

महोदय,

केबल इंटरनेटचे जाळे स्पर्धकांना वापरू देण्याची सक्ती केली की गुंतवणूकदार पळतो, हा आपल्या अर्थविषयक पानावरील लेखाचा सूर पटला नाही. गुंतवणूकदार म्हणजे नेमका कोण? वायर टाकणाऱ्या कंपनीचा भागधारक आणि त्या वायरीवर इंटरनेट विकू पाहणाऱ्या कंपनीचा भागधारक एका सुरात कसे बोलतील?

अमेरिकेत एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीने १९९८ मध्ये टीसीआय ही केबल कंपनी घ्यायचे ठरवले, तेव्हा जाळे सर्वांना खुले करा म्हणून सर्वांत मोठा आवाज इंटरनेट सेवा विकणाऱ्या एओएलचा होता. जानेवारी २००० मध्ये त्याच एओएलने केबलचे जाळे असलेली टाइम वॉर्नर घेण्याचा सौदा जाहीर केला. स्वतःच्या हाती केबल येणार म्हटल्यावर सक्तीचा आग्रह विरला आणि ‘बाजार बघून घेईल’ अशी भाषा सुरू झाली. तत्त्व वगैरे काही नव्हते, शेअर कुठला आहे एवढाच प्रश्न. आणि जाळे बंद ठेवल्याने गुंतवणूकदार वाचतो असेही नाही: केबलवरून इंटरनेट देणारी एक्साइट ॲट होम केबल कंपन्यांशी एकाधिकाराचे करार असूनही २००१ मध्ये दिवाळखोरीत गेलीच.

कॅनडात ही सक्ती जुनीच आहे. तिथे घोळ झाला तो दरांचा. नियामक सीआरटीसीने २०१९ मध्ये घाऊक दर, म्हणजे छोट्या कंपन्यांनी जाळ्याच्या मालकाला द्यायचे भाडे, उतरवले, तेही २०१६ पासून लागू धरून. आणि मे २०२१ मध्ये निर्णय फिरवला. छोट्या कंपन्यांनी कशाच्या भरवशावर धंदा करायचा? २०२२ मध्ये त्यांतली ईबॉक्स बेल या बड्या कंपनीने घेतली, व्हीमीडिया व्हिडिओट्रॉनने. पुढे २०२३ मध्ये फायबरही खुले करायला सांगताच बेलने एक अब्ज डॉलरहून अधिक खर्चाला कात्री लावली. हा मुद्दा लेखकाच्या बाजूचा, मान्य. पण टेलससारखी बडी कंपनी याच निर्णयाच्या बाजूने उभी राहिली, कारण तिला बेलच्या जाळ्यावरून ऑन्टारिओ-क्वेबेक प्रांतांत शिरायचे होते. ते लेखात नाही.

इतक्या लांब जायचीही गरज नव्हती. २००९ पासून मुंबईच्या उपनगरांत हेच विजेबाबत घडले. रस्त्याखालची केबल रिलायन्सची, बिल टाटा पॉवरचे. त्या बिलात ‘वहन आकार’ वेगळा दाखवलेला असे, आणि तो पैसा वायरीच्या मालकाला जाई. पुढे टाटाकडे गेलेल्या ग्राहकांवर अधिभार बसला आणि दोघांच्या दरातला फरक आकसला, ही गोष्ट वेगळी. पण ज्यावरून दुसऱ्याची वीज जाते, तो वायरींचा धंदा कवडीमोल झाला का? २०१८ मध्ये अदानींनी तो डहाणूच्या वीजकेंद्रासह अठरा हजार कोटींहून जास्त मोजून घेतला.

विजेत मालकाचा परतावा वीज नियामक आयोग ठरवून देतो, केबलमध्ये तशी हमी नाही. म्हणून तुलना तंतोतंत नाही. पण माझ्यासारखा किरकोळ भागधारक सक्तीपेक्षा अधांतरी दराला जास्त भितो. कंपनी वायरीचे भाडे काय घेणार आणि ते किती वर्षे टिकणार, हे कळले की शेअर ठेवायचा की विकायचा ते ठरवता येते. लेखात भाड्याचा एकही आकडा नव्हता.

– एक भागधारक वाचक, गोरेगाव, मुंबई