चौथ्या गटाचे पंचाहत्तर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर मागच्या आठवड्यात तालुका विज्ञान प्रदर्शनाची बातमी आली होती. सोबत फोटो होता. थर्माकोलचा ज्वालामुखी, त्यातून खायच्या सोड्याचा फेस उतू चाललेला आणि मागे हार घातलेले मान्यवर. (थर्माकोलच्या ताटवाट्यांवर आणि सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, ज्वालामुखीला बहुधा सूट असावी.) अशा प्रदर्शनांतून मुलांमध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन रुजतो, असंही बातमीत म्हटलं होतं. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात चोवीस वर्षं विज्ञान शिकवतोय आणि असे ज्वालामुखी मीही पोरांकडून करून घेतलेत, तेव्हा हसायचा अधिकार मला नाही. पण ज्या प्रयोगाचं उत्तर गुरुजींना आधीच माहीत असतं, त्यातून पोरं फक्त उत्तर जुळवायला शिकतात, असं माझं आता मत झालंय. गेल्या मार्चमध्ये नववीच्या वर्गात जे घडलं त्यावरून हे सांगतोय.

आमच्याकडे घराघरात सोयाबीन. २०२०च्या खरिपात मराठवाड्यात बियाणं उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला होता, कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली. तेव्हा ही पोरं लहान होती, पण घरात दुसऱ्यांदा बियाणं आणलं तेव्हाची चिडचिड त्यांना आठवते. सोयाबीनची साल पातळ, अंकुर सालीला लागूनच असतो. म्हणून पोतं आदळू नका, थप्पी उंच लावू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. वर्गात हे वाचून दाखवलं तर एक पोरगा म्हणाला, "सर, आमच्या घरी तर टेम्पोवरूनच फेकतेत पोते. तरी उगवतंय की." झालं, प्रश्न मिळाला. पोतं आपटल्यानं उगवण कमी होते का, आणि होत असेल तर किती? पहिल्या अर्ध्याचं उत्तर कृषी खात्याच्या पुस्तिकेत होतं. दुसऱ्या अर्ध्याचं वर्गात कोणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही.

एका पालकांनी घरचं एमएयूएस ७१ दिलं, आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठाचंच वाण. तीस किलोचे दोन भाग केले. अर्धं तसंच ठेवलं. उरलेलं पंधरा किलो पोत्यात बांधून टेम्पोच्या फाळक्याच्या उंचीवरून शाळेच्या शहाबादी फरशीवर दहा वेळा आपटलं. पालक उभे राहून बघत होते. म्हणाले, "आपटा गुरुजी, आडतीवर भाव तोच हाय."

उगवण तपासायची सोपी रीत शेतकऱ्यांना माहीत आहे. वर्तमानपत्राच्या घडी केलेल्या ओल्या कागदावर दहा दाणे ठेवायचे, सुरळी करायची, अशा दहा सुरळ्या पॉलिथिनच्या पिशवीत घालून सावलीत ठेवायच्या आणि चार-पाच दिवसांनी शंभरातले किती उगवले ते मोजायचं. पस्तीस पोरांचे पाच गट केले. प्रत्येक गटाला न आपटलेले शंभर दाणे आणि आपटलेले शंभर. रद्दी आपल्याच दैनिकाची होती, हे सांगायला हरकत नाही.

पहिला प्रयोग वाया गेला. न आपटलेल्या पिशव्या पोरांनी माठाजवळ गारव्याला ठेवल्या आणि जागा उरली नाही म्हणून आपटलेल्या पिशव्या गेल्या पत्र्याखालच्या खिडकीत. मार्चचं ऊन. खिडकीतल्या सुरळ्यांना बुरशी आली, वास सुटला. पोरं खूश, आपटलेलं बी मेलं म्हणून. मी विचारलं, आपटल्यानं मेलं का उन्हानं? पाचेक मिनिटं वर्गात कोणी काही बोललं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं सारखं ठेवायचं, हे वाक्य मी चोवीस वर्षांत कितीदा फळ्यावर लिहिलं असेल! त्या दिवशी ते लिहावं लागलं नाही.

दुसऱ्यांदा नियम पोरांनीच ठरवले. दाणे निवडताना लक्षात आलं की सगळे टपोरे टपोरे दाणे वेचतायत, मग न बघता मूठ भरून मोजायचं ठरलं. फुटून डाळ झालेले दाणे काढून टाकावेत असं बहुतेकांचं मत होतं. एक मुलगी, एरवी तासात तोंड न उघडणारी, म्हणाली, "आपटून डाळ झाली असंल तर तेच मोजायचंय ना सर? ते काढून टाकल्यावर राहिलं काय?" मला हे सुचलं नव्हतं. दाण्याच्या लांबीएवढा मोड आला तरच 'उगवला' धरायचा, असंही आधीच लिहून ठेवलं, नाहीतर मोजताना प्रत्येकाचा हात आपल्या अंदाजाकडे सैल होतो. आणि कोणत्या पिशवीत काय आहे हे कळू नये म्हणून पिशव्यांना नुसते आकडे दिले. एका गटाच्या सुरळ्या दुसऱ्या गटानं मोजायच्या, मोजून चिठ्ठी माझ्याकडे द्यायची.

पाचव्या दिवशी सुरळ्या सोडल्या. वर्गभर ओल्या कागदाचा वास. कागदाला चिकटलेले पांढरे मोड पेन्सिलच्या टोकानं हलवून हलवून मोजले. मग कोणता आकडा कोणत्या पिशवीचा ते उघड केलं आणि एकेक गट उठून फळ्यावर लिहू लागला. पहिला गट: न आपटलेले ७९, आपटलेले ६८. दुसरा: ७६ आणि ७१. तिसरा: ८१ आणि ६२. इथे टाळ्या पडल्या. चौथ्या गटाचा पोरगा उठेना. वही मांडीवर, खाली मान घालून काहीतरी घासतोय. शेवटी उठला आणि फळ्यावर लिहिलं ७४ आणि ६५. माझ्या हातातल्या चिठ्ठीवर ७५ होते. वही मागितली. सातचा सहा करताना खोडरबरानं कागदाला भोक पडलं होतं.

"कामून बदललं रे?"

"सगळ्यांचं कमी आलं सर. आमचंच कसं वाढलं? आमचंच चुकलं असंल."

रागवायला तोंड उघडलं आणि मिटलं. बारावीला असताना लंबकाच्या प्रयोगात मी काय केलं होतं? आधी गुरुत्व त्वरणाचं पुस्तकातलं उत्तर ९.८ लिहिलं, मग उलटं गणित करून लंबकाच्या झोक्याचा वेळ काढला. आमच्या सगळ्या बॅचनं तेच केलं. शिक्षक झाल्यावर 'निरीक्षण' आणि 'अनुमान' फळ्यावर लिहून देणारा मीच, पोरं उतरवून घेणार. मध्यंतरी एका शाळेत प्रात्यक्षिकाचा परीक्षक म्हणून गेलो होतो. बहिर्गोल भिंगाचं नाभीय अंतर झाडून सगळ्यांचं १०.० सेंमी, आणि चौदा वह्यांत 'नाभीय'च्या जागी 'नाभिक'. चौदा जणांची एकच चूक, म्हणजे मूळ वही एकच. मी काय केलं? सह्या केल्या. मग त्या पोरानं खोडरबर कुठून आणलं हे त्याला कोणत्या तोंडानं विचारणार?

७५ परत फळ्यावर लिहिला. पाचवा गट ७८ आणि ६५. मग पोरांना म्हटलं, आपटलेलं विसरा, फक्त न आपटलेल्या शंभरांकडे बघा. ७९, ७६, ८१, ७४, ७८. एकाच घरचं बी, कोणी हात लावला नाही, तरी ७४ पासून ८१ पर्यंत. काहीच न करता सात दाण्यांचा फरक पडत असेल, तर एखाद्या गटात आपटलेलं बी एका दाण्यानं जास्त निघालं यात चुकलं कुठे? नुसता चौथा गट असता तर आपण म्हणालो असतो की आपटल्यानं काही होत नाही. नुसता तिसरा असता तर म्हणालो असतो, शंभरात एकोणीस दाणे मेले. पाचही गट मिळून न आपटलेले ५०० पैकी ३८८, म्हणजे ७७.६ टक्के, आपटलेले ५०० पैकी ३४१, म्हणजे ६८.२ टक्के. हा फरक आता खरा वाटतो, असं पोरं म्हणाली. 'वाटतो' हा शब्द त्यांचाच, मी तो फळ्यावर तसाच ठेवला.

आता त्या खोडरबराचा हिशोब. सोयाबीनची उगवण ७० टक्के असेल तर एकरी ३० किलो बी पुरतं, त्याखाली दर टक्क्याला अर्धा किलो वाढवायचं, हे कृषी खात्याचं गणित. ६८ टक्क्यांना ३१ किलो. पण चौथ्या गटाचे ६५ धरले असते तर सरासरी ६६ वर आली असती, म्हणजे ३२ किलो. एक आकडा खोडला की एकरी एक किलो बियाणं जास्त. हे गणित त्याच पोराला करायला लावलं. उत्तर काढल्यावर त्यानं माझ्याकडे न बघता "दहा एकराला दहा किलो" एवढंच म्हटलं.

प्रयोगात त्रुटी होत्या. बी एकाच घरचं होतं, आणि एकाच फरशीवर, एकाच दिवशी आपटलेलं. नऊ तासिका गेल्या आणि शेवटचा धडा मी घाईत उरकला हेही खरं. मुख्याध्यापकांनी "अभ्यासक्रम कधी संपवता?" असं दोनदा विचारलं, त्यांचंही बरोबर आहे, वर त्यांनाही कोणीतरी विचारतं. शाळाबाह्य कामांचं रडगाणं इथे गात नाही, ते आपल्या पानावर दर आठवड्याला असतंच.

माझी मागणी लहान आहे. दहावीला विज्ञानाचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर असतात आणि वीस गुण प्रात्यक्षिकाचे. त्या विसातले पाच गुण अशा एका प्रयोगाला द्यावेत ज्याचं उत्तर पुस्तकात नाही आणि परीक्षकालाही माहीत नाही. विहिरीचं पाणी, कापसाची सरकी, चुलीचा धूर, गावात विषय पैशाला पासरी आहेत. तपासायची ती कच्ची वही. लिहायचं पेननं, खोडरबर बाहेर. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. निकाल अपेक्षेच्या उलट आला म्हणून अर्धा गुणही कापायचा नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन हे नागरिकाचं कर्तव्य १९७६ साली घटनेत आलं. अनुच्छेद ५१क बालभारतीच्या पुस्तकाच्या पहिल्या पानांवर छापलेला असतो. त्याच पुस्तकाच्या प्रात्यक्षिकात आपण पोरांना आकडे जुळवायला लावतो, हे मला आता सहन होत नाही.

तो पोरगा यंदा दहावीला आहे. महिनाभरात त्याची प्रात्यक्षिक परीक्षा आहे आणि जर्नल पूर्ण नाही म्हणून तो माझ्या मागे लागलाय. भिंगाचं नाभीय अंतर त्याचं ९.६ येतंय, मित्रांचं १०. मी काही सांगितलेलं नाही.

एक राहिलं. डाळ काढू नका म्हणणाऱ्या त्या मुलीनं निघता निघता विचारलं होतं, "पेपरच्या शाईनं मोड मरत नसतील का?" दोन्हीकडे कागद तोच होता, म्हणून आमच्या तुलनेला धक्का नाही, पण ७७.६ हा आकडा कोऱ्या कागदावर वेगळा आला असता का, हे सांगता येत नाही. म्हणून यंदाच्या नववीनं निम्म्या सुरळ्या आपल्या दैनिकात आणि निम्म्या कोऱ्या कागदात बांधल्यात. थंडीमुळे मोड यायला वेळ लागतोय. सोमवारी सोडणार आहोत.

आपला,
एक विज्ञान शिक्षक, जि. परभणी