आधी छप्पर, मग रंगमंच

सप्रेम नमस्कार,

कापडगिरणीचा भोंगा बंद झाला, माग भंगारात गेले, पण इमारत उभी राहिली. आता तिथे नाटकाच्या तालमी होतात, मुले चित्रे काढतात, संध्याकाळी वाचनगट बसतो. केंद्र सुरू झाले आहे, पण डोक्यावरचे छप्पर गळते आहे. म्हणून यंदा आम्ही नव्या रंगमंचासाठी नव्हे, छपरासाठी मदत मागतो आहोत.

हे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे आहे. प्रत्येक दात्याची काचेची बाजू उत्तरेकडे, त्यामुळे ऊन थेट आत येत नाही आणि दिवसभर एकसारखा उजेड मिळतो. तुटलेला धागा कामगाराला चटकन दिसावा म्हणून केलेली ही सोय आज चित्रकारांच्याही उपयोगी पडते. मात्र दोन दात्यांमधल्या पन्हळीत पाणी तुंबते, मुरते, आणि लाकडी तुळयांची टोके कुजू लागतात. भिंती ओल धरतात ते वेगळेच.

त्यावर सिमेंट थापून भागणार नाही. या विटांच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, चुन्याच्या आहेत आणि चुना ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंटने दरजा बुजवल्या की ओल विटेतच अडकते, विटेचे पापुद्रे सुटतात. चुन्याच्या कामाला जाणता गवंडी लागतो, वेळ लागतो, खर्चही जास्त येतो. तरीही ते तसेच करायचे, असे समितीने ठरवले आहे.

ब्राझीलमध्ये साओ पाउलो इथे पिंपांचा एक जुना कारखाना होता. वास्तुविशारद लीना बो बार्दी तो पाहायला गेल्या, तेव्हा तिथे मुले खेळत होती, लोकांचा राबता होता. त्यांनी तो पाडला नाही. १९८२ मध्ये तिथेच सेस्क पाँपेया हे केंद्र उघडले. आम्हाला हे उदाहरण फार मोलाचे वाटते, कारण तिथे माणसांचा वावर पाहून मग आराखडा झाला.

आपण जमेल तेवढी देणगी द्यावी. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि हिशेब दर महिन्याला केंद्राच्या फलकावर लागेल. सुतार, गवंडी, वायरमन, बांधकाम अभियंते यांनी एखादा दिवस दिला तरी मोठा आधार होईल.

गिरणीत काम केलेल्यांना वेगळी विनंती. कोणते यंत्र कुठे होते, हे सांगायला जरूर या. जमिनीखालचे जुने चौथरे आणि खड्डे नकाशावर नाहीत, आणि परांची उभी करण्याआधी ते कळायलाच हवेत. बिल्ले, हजेरीकार्डे, पाळीचे फोटो असतील तर आणा; प्रती काढून मूळ वस्तू लगेच परत करू.

पावसाळ्याआधी पन्हळींचे काम उरकायचे आहे, तेव्हा देणगी शक्य तितक्या लवकर केंद्राच्या कार्यालयात जमा करावी.

आपली,
केंद्र समिती